अठरा फुटी फायबर नौका, धरणाचे पाणी आणि इंजिन: आत बसवावे की बाहेर?

तीनतिगाडा (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही नाशिकचे तिघे मित्र आहोत आणि सदस्यनाम पाहून जी म्हण आठवते ती खोटी ठरवण्याच्या प्रयत्नात आहोत. गेल्या हिवाळ्यात आम्ही कोकणातून एक वापरलेली अठरा फुटी, उघडी, फायबरची नौका विकत घेतली आणि ट्रेलरवर बांधून कसारा घाटाने वर आणली. तिच्या पोटात पूर्वी एक-सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. मूळ मालकाने ते काढून विकले. मात्र इंजिन बसवण्याच्या दोन लाकडी तुळया, तळातून मागे जाणारा शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा), त्याच्याभोवती पाणी अडवणारे गनमेटलचे ग्लँड, पाणी मागे ढकलणारा पितळी पंखा आणि सुकाणू हे सर्व जागेवर आहे.

आता प्रश्न असा की त्याच तुळयांवर पुन्हा डिझेल इंजिन बसवावे, की शाफ्टचे भोक कायमचे बंद करून मागच्या फळीवर आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगायचे इंजिन, लावावे. वापर रविवारच्या सहलीपुरता आहे, पाच-सहा माणसे असतील, त्यांत आमचे सत्तरी ओलांडलेले आईवडीलही असतील. नौका पाण्यात कायम उभी राहणार नाही. दर वेळी ट्रेलरवरून घरी येईल. मुख्यतः गंगापूर धरण, जमल्यास मुकणे आणि दारणा, असा विचार आहे. परवानगीचे काम वेगळे चालू आहे, त्यामुळे त्यावर येथे चर्चा नको. पण नोंदणीच्या कागदांत इंजिनाचाही तपशील द्यावा लागतो, म्हणून हा निर्णय अर्ज करण्याआधी व्हायला हवा. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दर्यावर्दी

माझे मत स्पष्ट आहे: जी नौका इनबोर्डसाठी, म्हणजे पोटातल्या इंजिनासाठी, बांधली गेली, तिच्यात इनबोर्डच शोभते. इंजिनाचे वजन मधोमध आणि तळाशी असल्यामुळे नौका कमी डुलते, वृद्ध माणसे उठली-बसली तरी कलंडल्यासारखे वाटत नाही. पंखा तळाखाली असल्यामुळे लाटेवर मागची बाजू उचलली गेली तरी तो पाण्याबाहेर येऊन नुसता घरघरत नाही. मागची फळी मोकळी राहते, गळ टाकून बसायला जागा मिळते. शिवाय डिझेल हे पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी भडकणारे इंधन आहे, हे कुटुंब घेऊन जाणाऱ्याने विसरू नये. आमच्या बंदरात ओबीएम (आउटबोर्ड मोटर) म्हटले की लोक आधी साखळी आणि कुलूप विचारतात, कारण दोन माणसे रात्रीतून ते उचलून नेऊ शकतात. पोटातले इंजिन कोणी चोरून नेल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही.

सातपूरकर

दर्यावर्दी यांचे सर्व मुद्दे समुद्रासाठी खरे आहेत. परंतु आत की बाहेर हे ठरवण्याआधी धागाकर्त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: आपल्याला किती वेगाने जायचे आहे?

हे विचारण्याचे कारण असे. कोणतीही नौका पाणी बाजूला सारत चालते तोवर तिला एक नैसर्गिक वेगमर्यादा असते. पाण्याला टेकलेल्या लांबीचे फुटांमधील वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की तो वेग नॉटमध्ये मिळतो. आपली नौका अठरा फुटी असली तरी पाण्याला टेकणारी लांबी सोळा फूट धरू. सोळाचे वर्गमूळ चार, म्हणजे ५.३६ नॉट, म्हणजेच ताशी दहा किलोमीटरच्या जवळपास. या वेगाला नौका स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात बसते आणि त्यापुढे शक्ती वाढवली तर मागची बाजू खाली, पुढची बाजू आकाशाकडे, अशी अवस्था होते. तो चढ ओलांडून पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जायचे असेल, तर हिशेबच बदलतो.

नौकेचे वजन साडेचारशे किलो, सहा माणसांचे चारशे, इंजिन, इंधन आणि सामानाचे दीडशे, असा साधारण एक टन भार होतो. घसरत जाण्यासाठी दर अश्वशक्तीमागे पंधरा ते अठरा किलोपेक्षा जास्त भार नसावा, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. म्हणजे साठ अश्वशक्तीच्या आसपास इंजिन लागेल. एवढे इंजिन या नौकेच्या पोटात बसवणे व्यवहार्य नाही, आणि तिची मागची फळी ते पेलेल असे मला वाटत नाही. उलट ताशी आठ-दहा किलोमीटरने निवांत फिरायचे असेल, तर आठ-दहा अश्वशक्ती पुरते आणि समोरून वारा आला तर हाताशी जोर असावा म्हणून पंधरा ते वीस घ्यावी.

एक गोष्ट नाशिककरांनी लक्षात ठेवावी. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहोत. टर्बो नसलेले इंजिन दर शंभर मीटरला साधारण एक टक्का शक्ती गमावते, म्हणून येथे वीसचे इंजिन एकोणीसच्याही किंचित खाली काम करते. ही घट मोठी नाही, पण समुद्रावर वापरलेला पंखा जसाच्या तसा लावला तर पूर्ण थ्रॉटल देऊनही पुस्तिकेत दिलेले फेरे गाठले जात नाहीत. अशा वेळी पंख्याचे पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकेल ते अंतर, एका इंचाने कमी करावे. फेरे साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात.

तीनतिगाडा

आपण वेगाचा प्रश्न विचारला हे बरे झाले, कारण आमच्यातल्या एकाच्या डोक्यात पाण्यावर फेस उडवत जाण्याचे चित्र होते. हिशेब दाखवल्यावर त्यानेच माघार घेतली. निवांत फिरणे, एवढेच नक्की.

निफाडकर काका

मी द्राक्षवाला माणूस आहे, नावाडी नाही. पण दहा वर्षांपूर्वी आमच्या पाहुण्यांबरोबर भागीदारीत अशीच एक नौका ठेवली होती आणि तिच्या पोटात शेतावरचेच डिझेल इंजिन होते. त्यामुळे दोन्ही बाजू सांगतो.

चांगली बाजू अशी की त्या इंजिनाला मेकॅनिक शोधत फिरावे लागत नाही. नोझल, फिल्टर, गॅस्केट या वस्तू पिंपळगावातही मिळतात आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कोणीही मुलगा ते उघडून बसवू शकतो. शाफ्टच्या ग्लँडचेही तसेच. ज्याने विहिरीवरच्या पंपाची ग्लँडदोरी बदलली आहे, त्याला नौकेचे ग्लँड समजावून सांगावे लागत नाही: दोरीचे कडे कापताना तिरका काप द्यायचा, एका कड्याचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, आणि नट इतकाच आवळायचा की शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडत राहतील. थेंब बंद केले की दोरी जळते आणि शाफ्टला चर पडतो. नवखा माणूस नेमके तेच करतो, कारण त्याला नौकेत पाणी दिसले की धीर धरवत नाही.

आता वाईट बाजू. धरणाचे पाणी समुद्रासारखे नसते. समुद्र सहा तासांनी परत येतो. आपले धरण दिवाळीनंतर उतरायला लागते, त्यात आवर्तन सुटले की आठवड्यात काठ कुठल्या कुठे जातो. जिथे जानेवारीत खोल पाणी होते, तिथे एप्रिलमध्ये लोक गाळपेर करतात. आणि या दोन्हींच्या मधल्या काळात बुडीत गेलेल्या गावांचे जुने बांध, विहिरींचे कठडे, बाभळीचे खुंट पाण्याखाली हात-दोन हातांवर येऊन बसलेले असतात, जे वरून अजिबात दिसत नाहीत.

मार्च महिन्यात अशाच एका बांधावर आमचा पंखा आपटला. आवाज फार मोठा झाला नाही, खालून कोणी पहारीचा एक टोला द्यावा तेवढाच. इंजिन लगेच बंद केले. पण शाफ्ट वाकला होता आणि वाकलेल्या शाफ्टने ग्लँड एका बाजूने दाबले, त्यामुळे थेंबांची धार झाली. काठ सहाशे-सातशे फूट दूर होता. पाहुणे वल्हवत होते आणि मी जेवणाच्या डब्याच्या झाकणाने पाणी उपसत होतो. डबा स्वतः कुठे गेला हे मला आजतागायत कळलेले नाही. पोहोचलो, पण नौका चिखलात रुतली. पंखा आणि सुकाणू तळाखाली असल्यामुळे ती ओढताना दोन्ही गाळात नांगरासारखी घुसत होती, शेवटी बैलजोडी आणावी लागली. आउटबोर्ड असते तर मागचे इंजिन वर उचलून घेतले असते आणि नौका सपाट तळावर सरकत आली असती.

म्हणून माझे मत असे: नौका वर्षभर एकाच ठिकाणी पाण्यात उभी राहणार असेल, पाणी खोल असेल आणि रोज चालवायची असेल, तर पोटातले डिझेल. ट्रेलरवरून ने-आण असेल आणि पाणी उतरते असेल, तर बाहेरचे.

वाचनमात्र

क्षमस्व, मध्येच विचारतो. भंगारात मारुती ८०० चे इंजिन स्वस्तात मिळते. ते त्याच तुळयांवर बसवले तर? किंवा इंजिन आत आणि पंख्याचा पाय बाहेर अशी स्टर्नड्राइव्हची रचनाही असते ना?

सातपूरकर

मारुतीचा विचार कृपया सोडून द्यावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. रस्त्यावरच्या गाडीत ती खालून निघून जाते. नौकेचा तळ मात्र बंद परातीसारखा असतो, तेथे ती साचते. गाडीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगीबंद नसतात, कार्ब्युरेटरवर ज्वाळारोधक जाळी नसते. नौकेसाठी बनवलेल्या पेट्रोल इनबोर्डमध्ये हे सर्व असूनही किल्ली फिरवण्यापूर्वी चार मिनिटे ब्लोअर चालवून तळाची हवा बाहेर काढण्याची शिस्त पाळावी लागते, यावरून धोक्याची कल्पना यावी.

स्टर्नड्राइव्ह व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये बाजारात आणला आणि मोठ्या सहल-नौकांसाठी तो उत्तम आहे. त्याचा पाय वर उचलता येतो. पण तो पाय जिथे फळीतून बाहेर पडतो तिथे रबरी भाता असतो. तो फाटला की थेट नौकेत पाणी. अठरा फुटांच्या निवांत नौकेला तो झेपणारा खर्च नाही.

पाणपक्षी

निफाडकर काका, आपला अनुभव वाचून डोळ्यांसमोर चित्र उभे राहिले. मी दोन मुद्दे जोडते.

पहिला पाण्याचा. ५,६३० दशलक्ष घनफूट क्षमतेचे गंगापूर धरण म्हणजे आपल्या घरातला नळ आहे. आउटबोर्ड घ्यायचेच असेल तर जुने, कार्ब्युरेटरचे टू-स्ट्रोक स्वस्त मिळते म्हणून कृपया घेऊ नये. त्या रचनेत सिलिंडरमध्ये येणारे ताजे मिश्रण आणि बाहेर जाणारा धूर यांची दारे एकाच वेळी उघडी असतात, त्यामुळे तेल मिसळलेल्या पेट्रोलचा सुमारे पाव हिस्सा न जळताच बाहेर पडतो, आणि आउटबोर्डचा धूर पाण्याखाली सोडलेला असल्याने तो सरळ पाण्यात जातो. फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळे राहते. अर्थात इनबोर्डही निर्दोष नाही. तळात साचलेले तेलकट पाणी लोक सहज धरणात उपसून टाकतात, याकडे दर्यावर्दी यांचे लक्ष वेधते.

दुसरा मुद्दा जलपर्णीचा. गंगापूरच्या वर ती विशेष नाही, पण नाशिक शहराच्या खाली गोदावरीत तिचे हिरवे गालिचे तरंगत असतात. (नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात यांत्रिक नौका नेण्याचा विचारही मनात आणू नये, हे येथेच सांगून टाकते.) तिची लांब, केसाळ मुळे पंख्याभोवती वेणीसारखी गुंडाळली जातात आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी खेचणाऱ्या जाळीवर गोळा होतात. आउटबोर्ड उचलून नौकेच्या मागे वाकले की विळ्याने दोन मिनिटांत ती कापता येतात. इनबोर्डच्या पंख्यासाठी कोणाला तरी पाण्यात उतरावे लागते. तसा प्रसंग एका ओळखीच्या नौकेवर मी पाहिला आहे. उतरलेला तरुण पट्टीचा पोहणारा होता, तरी बुडी मारून वर येताना मुळांचा एक झुबका त्याच्या पायात अडकला आणि काठावरच्या आम्हा सर्वांचा जीव टांगणीला लागला.

बॅटरीवरची मोटर कोणी सुचवेल म्हणून आधीच लिहिते: बारा व्होल्टची छोटी मोटर पूर्ण जोरात पन्नास अँपिअरच्या आसपास वीज ओढते. शंभर अँपिअर-तासांची साधी बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, म्हणजे एका तासाचा खेळ. पक्षी पाहायला फार सुंदर. एक टनाची नौका वाऱ्याविरुद्ध परत आणायला नाही.

दर्यावर्दी

निफाडकर काकांचे उतरत्या पाण्याचे म्हणणे मला मान्य आहे. तो विचार मी केला नव्हता. आमच्याकडे ओहोटीला नौका रुतली तर माणूस विडी ओढत भरतीची वाट पाहतो. मात्र आउटबोर्डच्या बाजूने एवढे बोलले जात असताना पेट्रोलचे काय, हे कोणीच लिहिलेले नाही.

सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकांमध्ये दहा टक्क्यांची मर्यादा दिलेली आढळते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. ओलावा जास्त झाला की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच इंधन खेचते. रोज धावणाऱ्या दुचाकीत हे घडायला वेळच मिळत नाही. जी नौका पावसाळ्यात चार महिने शेडमध्ये उभी राहते, तिच्यात हमखास घडते. डिझेलला हा त्रास नाही. म्हणून आउटबोर्ड घेणार असाल तर विकत घेण्याआधी त्या मॉडेलची पुस्तिका उघडून इथेनॉलची मर्यादा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. टाकी आणि इंजिनामध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर लावा, हंगाम संपला की टाकी रिकामी करा, आणि कार्ब्युरेटरचे इंजिन असेल तर नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

सातपूरकर

दर्यावर्दी यांच्या सूचनेत एकच भर: ते इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवताना त्याचा पंख्याकडचा पाय पाण्यात असला पाहिजे, किंवा नळाचे पाणी जोडलेले असले पाहिजे. आतला पाणी खेचणारा रबरी इंपेलर कोरडा फिरला तर मिनिटाच्या आत पाती झिजतात किंवा तुटतात. आउटबोर्डच्या बाजूने बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार ही त्याची नाडी समजावी. सुरू केल्यावर आधी ती पाहावी, मग गिअर टाकावा. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात इंपेलर लवकर झिजतो. समुद्रावर वापरानंतर इंजिन गोड्या पाण्याने धुण्याचा जो उपद्व्याप असतो, तो मात्र येथे वाचतो. इंजिनाऐवजी स्वतः झिजणाऱ्या झिंकच्या ॲनोडऐवजी गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे लावावेत. थंडीत इंजिनातले पाणी गोठून ब्लॉक तडकण्याची जी भीती परदेशी पुस्तिकांमध्ये पानोपानी असते, ती निफाडच्या थंडीतही बाळगण्याचे कारण नाही.

आता मुख्य काम. ही नौका आउटबोर्डसाठी बांधलेली नाही, म्हणून मागच्या उभ्या फळीची, म्हणजे ट्रान्समची, परीक्षा आधी करावी. अशा फळीत बहुधा दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवूड असते. लाकडी हातोडीने बोटाबोटावर ठोकून पाहावे: टणटणीत आवाज म्हणजे लाकूड शाबूत, मेलेला आवाज म्हणजे आत ओल शिरून ते कुजलेले. वीस अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन पन्नास किलोंच्या आसपास असते, पण फळीवर खरा ताण वजनाचा नसून ढकलण्याचा असतो, आणि ट्रेलरवर खड्ड्यातून जाताना बसणाऱ्या हिसक्यांचा असतो.

फळीची उंची मध्यभागी मोजावी. साधारण पंधरा इंच असेल तर आखूड पायाचे इंजिन, वीस इंच असेल तर लांब पायाचे. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी; त्याहून वर राहिली तर पंखा हवा खेचतो, फार खाली गेली तर पाणी उगाच अडते आणि उडते.

शाफ्टचे भोक नुसते पुटीने भरू नये. कडा उतरत्या घासाव्यात, उतार एकास बारा ठेवावा, म्हणजे कवच सहा मिलिमीटर जाड असेल तर भोकाभोवती बहात्तर मिलिमीटरपर्यंत घासणे आले. मग लहानमोठ्या आकाराचे फायबरचे तुकडे एकावर एक चढवावेत.

डिझेलच बसवायचे ठरल्यास तेही लिहून ठेवतो: इंजिन आणि शाफ्टच्या जोडणीच्या दोन चकत्यांमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) चारही बाजूंनी मोजावी, चार इंची चकतीला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा, आणि हे मोजमाप नौका पाण्यात तरंगत असताना घ्यावे. ट्रेलरवर कवच किंचित वाकलेले असते, तेथे जुळवलेली रेषा पाण्यात गेल्यावर चुकते.

तीनतिगाडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल तिघांनी मिळून फळी ठोकून पाहिली. उजव्या खालच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढ्या भागात आवाज मेलेला येतो. तेथे तीन मिलिमीटरचे भोक पाडले तर ड्रिलबरोबर चहाच्या चोथ्यासारखे काळे, ओले लाकूड बाहेर आले. म्हणजे आतली फळी बदलणे आलेच. मध्यभागी उंची साडेएकोणीस इंच भरली, त्यामुळे लांब पायाचे, वीस अश्वशक्तीचे, इंधन-इंजेक्शन असलेले फोर-स्ट्रोक आउटबोर्ड घ्यायचे आम्ही ठरवले आहे. इथेनॉलचा मुद्दा विचारला तेव्हा एका विक्रेत्याने "काही होत नाही" असे सांगितले. दुसऱ्याने पुस्तिका उघडून पान दाखवले. दुसऱ्याकडे जाणार आहोत.

शाफ्ट काढताना ग्लँडमधली दोरी कोळशासारखी निघाली, आणि शाफ्टवर नख अडकेल एवढा चर आहे. आधीच्या मालकाने नट गच्च आवळला असणार. गनमेटलचे ग्लँड मात्र अगदी सुस्थितीत आहे. निफाडकर काका, आपल्या विहिरीवर त्याचा काही उपयोग होणार असेल तर रविवारी घेऊन येतो.

निफाडकर काका

घेऊन या. शाफ्टचा व्यास मात्र आधी कळवा, आणि येताना जेवायलाच या; डबा आणू नका.